होकाराचा कायदा आणि नकाराचा आधार

१/ सातारा-सांगली भागातील ख्रिस्ती घरात मुलगी पंचविशीला आली की तिच्यापुढे तीन अपेक्षा एकदम येतात. मुलगा ख्रिस्ती हवा, शक्यतो आपल्याच पंथाचा हवा, आणि ठरवायचे ते आता ठरवायला हवे. आज ती ज्याला डेटिंग म्हणते ते, म्हणजे एखाद्याला भेटून, बोलून, पारखून मग ठरवणे, या तिन्ही अपेक्षांच्या कात्रीत सापडते. घरच्यांना ही घरातलीच बाब वाटते, मुलीला आपले एकटीचे दुखणे वाटते. प्रत्यक्षात या कात्रीला दीडशे वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे. त्यात मिशन आहेत, कायदे आहेत, दवाखाने आहेत आणि काही विलक्षण स्त्रिया आहेत. हा दीर्घ धागा त्या इतिहासाचा.

२/ प्रथम भूगोल. आजचे हे दोन जिल्हे एकेकाळी नावानेही जोडलेले होते. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्याआधीची स्थिती मात्र वेगळी होती. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये डलहौसीने खालसा केले आणि तो मुलूख थेट ब्रिटिश अमलाखाली आला. सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने १९४८ पर्यंत टिकली. म्हणजे कृष्णेच्या एकाच खोऱ्यात, काही कोसांच्या अंतरावर, दोन वेगळ्या राजवटी नांदत होत्या. लग्नाच्या कायद्याचा विचार करताना हा फरक ध्यानात ठेवावा लागेल.

३/ मिशनही दोन होती. साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशन आले. त्याची सुरुवात महाबळेश्वरी १८३४ च्या सुमारास मिसेस ग्रेव्ह्ज यांनी काढलेल्या मुलींच्या शाळांपासून धरतात, आणि १८४९ पासून सातारा हे त्याचे कायमचे ठाणे झाले. दक्षिणेकडे रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात काम आरंभले. ते १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. त्याच मिशनने १८८४ मध्ये सांगलीत आणि १८९२ मध्ये मिरजेत ठाणे उभे केले. दोन्ही मिशनांच्या कामात मुलींच्या शिक्षणाला जागा होती. शाळा आली की मुलीचे लग्नाचे वय थोडे पुढे सरकते. आपल्या विषयाचा आरंभ तिथूनच होतो.

४/ पहिल्या पिढीचा प्रश्न स्थळ शोधण्याचा नव्हताच. तो होता झालेले लग्न टिकण्याचा. बाप्तिस्मा घेणाऱ्याचे लग्न बहुधा बालपणीच झालेले असे. नवरा ख्रिस्ती झाला की बायकोला माहेरचे घेऊन जात. बायको ख्रिस्ती झाली तर सासरचे दार बंद होई. या पेचावर १८६६ मध्ये धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा झाला. धर्मांतरामुळे जोडीदाराने सलग सहा महिने सहवास नाकारला, तर न्यायालयात जाता येई. न्यायालय नकार देणाऱ्या जोडीदाराला विचारी, विचाराला एक वर्षाची मुदत देई आणि त्यानंतरच विवाह रद्द करी. त्या काळात एका सामान्य बाईला ‘तुला काय हवे आहे?’ असे सरकारी जागेत विचारले जाणे, ही गोष्ट लहान नव्हती.

५/ या कायद्याचा आधार न घेता घडलेली एक गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे लग्न अकराव्या वर्षीच झालेले होते, आणि आता त्या नातलगांच्या घरी राहिल्या. नवऱ्याकडे जाऊ नये असा भोवतालच्यांचा आग्रह होता. काही वर्षांनी मुलाला घेऊन त्या स्वतःच्या निर्णयाने टिळकांकडे गेल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्याच निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी दुसरे लग्न केले नाही, ते थांबले. पुढे १९१७ मध्ये याच टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. घरच्यांचा दबाव आणि स्त्रीचा स्वतःचा विचार यांतील रस्सीखेच ‘स्मृतिचित्रे’मध्ये जितकी उघडपणे मांडली आहे, तितकी त्या काळच्या फार थोड्या पुस्तकांत आढळते.

६/ त्याही आधी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा उल्लेख होतो. पदमनजी बेळगावचे. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. कादंबरीतील यमुना नवऱ्यासह फिरते, विधवांची दुःस्थिती पाहते, पुढे स्वतः विधवा होते आणि अखेरीस एका ख्रिस्ती पुरुषाशी विवाह करते. पुस्तकाचा हेतू प्रचाराचा होता, यात शंका नाही. तरीही एक गोष्ट शिल्लक राहतेच. मराठी कादंबरीच्या उंबरठ्यावरच एक ख्रिस्ती स्त्री उभी आहे, आणि तिचे दुसरे लग्न हा कथेचा शेवट आहे.

७/ आता मुख्य कायद्याकडे येऊ. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याचा सहावा भाग ‘नेटिव्ह’ ख्रिस्ती लोकांसाठी होता. त्यातील कलम ६० वाचण्यासारखे आहे. परवानाधारक व्यक्ती आणि किमान दोन विश्वासार्ह साक्षीदार यांच्यासमोर वर आणि वधू या दोघांनीही, ईश्वराला स्मरून, ‘मी याला किंवा हिला कायदेशीर जोडीदार म्हणून स्वीकारतो वा स्वीकारते’ अशा अर्थाची प्रतिज्ञा उच्चारावी, असे ते सांगते. वधूच्या वतीने बापाने बोलून भागत नाही. तिने स्वतःच्या तोंडाने बोलावे लागते. कन्यादानात देणारा बोलतो, इथे स्वीकारणारी बोलते. खेड्यापाड्यांतील, बहुतांशी गरीब व दलित घरांतून आलेल्या मुलींच्या बाबतीत हा फरक फार मोठा होता.

८/ हा फरक किती मोठा, हे त्याच मुंबई इलाख्यातील दुसऱ्या घटनेवरून कळते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण १८८७ मध्ये निकाल फिरला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. १८८८ मध्ये पैशांची तडजोड होऊन प्रकरण मिटले. लग्नात आपली संमतीच नव्हती, हा रखमाबाईंचा मुद्दा कायद्याने अखेरपर्यंत मानला नाही. ख्रिस्ती वधूच्या बाबतीत मात्र तिने उच्चारलेले शब्द हाच विवाहाचा गाभा होता.

९/ पण या कायद्याची फार स्तुतीही करायला नको. मूळ तरतुदीत मुलाचे वय सोळाहून आणि मुलीचे तेराहून अधिक असले की पुरे होते. आजची एकवीस आणि अठरा ही मर्यादा तिथे १९७८ मध्ये आली. अठरा वर्षे पूर्ण नसतील तर बापाची किंवा पालकाची संमती आवश्यक होती, आणि लग्ने त्या वयाच्या आतच उरकली की मुलीचे शब्द केवळ उपचारापुरते राहत. शिवाय कायद्याचा विस्तार ब्रिटिश मुलखापुरता होता. संस्थानांत तो फक्त ब्रिटिश प्रजाजन असलेल्या ख्रिस्ती लोकांना लागू होता. म्हणजे साताऱ्याची मुलगी कायद्याच्या थेट छत्राखाली होती. सांगली संस्थानाची प्रजा असलेल्या तिच्या मावसबहिणीचा भरवसा मात्र बव्हंशी मंडळीच्या रीतिरिवाजावर आणि पाळकाच्या विवेकावर होता.

१०/ दुसरा कायदा अधिकच पुढारलेला होता. १८६५ चा भारतीय वारसा कायदा ब्रिटिश मुलखातील ख्रिस्ती लोकांना लागू झाला. मृत्युपत्र न करता बाप वारला, तर विधवेचा वाटा वगळून उरलेली मालमत्ता मुलगे आणि मुली यांत समान वाटली जावी, असे त्याने ठरवले. हिंदू मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध वाटा मिळायला देशाच्या पातळीवर २००५ उजाडले. कागदावर साताऱ्याची ख्रिस्ती लेक १४० वर्षे पुढे होती. पण समान वाटा कशाचा? ज्या घरांत जमीनच नव्हती, तिथे समान वाटणीला अर्थ उरत नव्हता. हक्क होता, पण त्याच्या जोरावर लग्न पुढे ढकलता येईल अशी पुंजी नव्हती.

११/ मग होकाराचा हक्क असूनही दबाव का राहिला? याचे पहिले कारण अंकगणिताचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १०.८ लाख, म्हणजे एका टक्क्याहूनही कमी. त्यातील मोठा भाग मुंबई, ठाणे, वसई, पुणे या पट्ट्यात. सातारा-सांगलीत हा समाज अगदीच विरळ. त्यात पुन्हा कॅथलिक व प्रोटेस्टंट, प्रोटेस्टंटांतही निरनिराळ्या मंडळ्या, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यानेही न पुसलेली पूर्वीची जात. वय, शिक्षण आणि नातेसंबंध यांची चाळणी लावली की मुलीपुढे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी स्थळे उरतात. ‘आलेले स्थळ सोडू नकोस’ या वाक्यामागे आईबापांची हौस असते तशी ही आकडेमोडही असते.

१२/ हे अंकगणित सैल करण्याचे प्रयत्नही झाले. १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानातील प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या. त्यामुळे साताऱ्याकडील अमेरिकन मराठी मिशनची परंपरा आणि सांगली-कोल्हापूरकडील प्रेस्बिटेरियन परंपरा एका संस्थेत आल्या. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि आणखी पंथ त्यात मिळाले. हे घडले ते धर्मशास्त्र आणि संघटना यांच्या कारणाने. पण सोयरिकीच्या दृष्टीने पाहिले तर दोन छोट्या विहिरींमधली भिंत पडली. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यामधली भिंत मात्र तशीच राहिली.

१३/ दुसरे कारण मिशनच्या घडणीत आहे. दुष्काळांनी, विशेषतः १८७६-७८ आणि १८९६ नंतरच्या वर्षांतील दुष्काळांनी, दख्खनमधील मिशनांच्या आश्रयाला अनेक अनाथ मुलेमुली आणली. बोर्डिंगात वाढलेल्या मुलीला माहेर नव्हते, मिशन हेच तिचे माहेर. तिच्यासाठी स्थळ पाहण्याचे कामही साहजिकच मॅडमसाहेब आणि पाळक यांच्याकडे आले. शिक्षक आणि प्रचारक यांना लिहितावाचता येणारी पत्नी हवी, हा मुलींच्या शाळांमागचा एक उघड हेतू होता. अशा लग्नांतून पुष्कळ सुखी संसार उभे राहिले. पण मुलीच्या दृष्टीने पाहिले, तर जातपंचायतीची जागा एका दयाळू समितीने घेतली होती. आणि दयाळू माणसाला नकार देणे अधिक अवघड असते.

१४/ तिसरे कारण भेटण्याच्या जागेचे. तरुण मुलामुलींनी एकमेकांना पाहावे, बोलावे अशी एकच मान्य जागा होती, ती म्हणजे ख्रिस्तमंदिर. रविवारची उपासना, नाताळच्या गाण्यांची तालीम, संडे स्कूल, वार्षिक संमेलन. बाकी समाजाच्या मानाने ही मोकळीक मोठीच. पण लहान मंडळीत प्रत्येक बाकावर कोणीतरी मामा, कोणीतरी आत्या. दोन रविवार एकाच मुलाशी बोलताना दिसले की तिसऱ्या रविवारी घरी विचारणा. त्यामुळे ओळख आणि वचन यांच्यामध्ये जो काळ लागतो, जो काळ पारखण्याचा असतो, तोच इथे आखडून जाई. ओळख झाली की लगेच साखरपुड्याचे बोलणे, नाहीतर ओळखच तोडून टाकणे.

१५/ ही मधली जागा मिळाल्याचे एक सुंदर उदाहरण अहमदनगरचे आहे. तेथील ठाणेही अमेरिकन मराठी मिशनचेच. कृपाबाईंचा जन्म तिथे १८६२ मध्ये, हरिपंत खिस्ती या ब्राह्मण धर्मांतरिताच्या घरी झाला. १८७८ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी मद्रासला गेल्या आणि रेव्हरंड सत्यनाथन यांच्या घरी राहिल्या. प्रकृतीमुळे शिक्षण अर्धवट सुटले. त्याच घरातील सॅम्युएल यांच्याशी ओळख वाढली आणि पुढे दोघांचा विवाह झाला. मराठी मुलगी, तमिळ मुलगा, आधी ओळख आणि मग लग्न. कृपाबाईंनी पुढे ‘सगुणा’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी इंग्रजीत लिहिली. इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. १८९४ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्या वारल्या.

१६/ या उदाहरणातील एक बारकावा सुटू नये. कृपाबाई मद्रासला लग्नासाठी गेल्या नव्हत्या, शिकायला गेल्या होत्या. शिक्षणाने त्यांना घरापासून दूरचे एक सुरक्षित छप्पर दिले आणि त्या छपराखाली ओळख वाढायला वेळ मिळाला. गावच्या मंडळीत जे अवघड झाले असते, ते परगावी सहज घडले. म्हणजे होकार विचारपूर्वक द्यायचा असेल, तर आधी थांबण्याची सोय हवी. आणि थांबण्याची सोय म्हणजे शेवटी दोनच गोष्टी: राहायला जागा आणि हाती पैसा.

१७/ न थांबता, म्हणजे लग्नच न करता जगलेल्या स्त्रियाही याच इतिहासात आहेत. सिंथिया फरार १८२७ मध्ये अविवाहित म्हणून मुंबईला आल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींना शिकवत राहिल्या. १८६२ मध्ये त्या तिथेच वारल्या. सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापन-शिक्षणाशी त्यांचे नाव जोडले जाते. कॉर्नेलिया सोराबजी (१८६६-१९५४) नाशिकमध्ये जन्मल्या, ऑक्सफर्डला कायदा शिकल्या, अविवाहित राहिल्या. पंडिता रमाबाईंची कन्या मनोरमाबाई आईचे काम सांभाळत अविवाहितच राहिली. ख्रिस्ती मुलीच्या डोळ्यांपुढे लग्न न केलेली, तरी मानाने जगणारी बाई होती. तत्कालीन मराठी समाजात हे दृश्य दुर्मीळ होते. तिथे लग्न न झालेली प्रौढ स्त्री जवळजवळ अस्तित्वातच नव्हती.

१८/ मात्र वरील स्त्रियांना मिशनचा, विद्यापीठाचा किंवा थोर आईचा आधार होता. सामान्य मुलीचे काय? तिच्यासाठी खरा बदल मिरजेत घडला. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले, सांगलीत त्यांनी दवाखाना सुरू केला, आणि १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. तिकडे सातारा जिल्ह्यात वाईला अमेरिकन मराठी मिशनचे रुग्णालय होते. रुग्णालय आले की परिचारिका हव्यात. परक्या पुरुषाच्या जखमा धुणे, रात्रपाळी करणे, विटाळ न मानणे, यामुळे उच्चवर्णीय घरांतील मुली या कामाकडे फिरकत नव्हत्या. ख्रिस्ती मुली गेल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशातील प्रशिक्षित परिचारिकांत त्यांचे प्रमाण फार मोठे होते.

१९/ परिचारिकेच्या शिक्षणाने मुलीला काय दिले, याची यादी करून पाहावी. तीन-चार वर्षांचा अभ्यासक्रम, म्हणजे तेवढा काळ लग्नाचा विषय बाजूला. वसतिगृह, म्हणजे घराबाहेरचे प्रतिष्ठित छप्पर. प्रमाणपत्र, म्हणजे मुंबई-पुण्यात कुठेही नोकरी. आणि पगार, ज्यातून धाकट्या भावंडांच्या शिक्षणाला पैसे जात. कमावत्या लेकीला घाईने उजवण्याची निकड घरालाही कमी वाटू लागे. १८७२ च्या कायद्याने तिला ‘हो’ म्हणण्याचा अधिकार दिला होता. ‘आत्ता नाही’ म्हणण्याची ताकद तिला या पगाराने दिली. शिक्षिकेच्या नोकरीने हेच काम केले. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे सार इथे आहे.

२०/ या ताकदीची किंमतही होती. जगभर अनेक ठिकाणी परिचारिकेने अविवाहितच असावे, लग्न केले तर नोकरी सोडावी, असा दंडक होता. आपल्या देशात तो किती काळ रेंगाळला, याचे उदाहरण ताजे आहे. सैनिकी परिचर्या सेवेतील एका अधिकारी स्त्रीला लग्न केल्याच्या कारणावरून १९८८ मध्ये सेवामुक्त करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हा नियम मनमानी आणि लिंगभेदी ठरवला आणि तिला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. छत्तीस वर्षांनी. म्हणजे ज्या नोकरीने लग्न लांबवण्याची मुभा दिली, तीच नोकरी लग्न केल्यावर काढून घेतली जाई. स्त्रीने दोन्हींपैकी एकच निवडावे, हे गृहीतच होते.

२१/ घाईच्या लग्नाची भीती ख्रिस्ती मुलीला अधिक का वाटावी, याचे कारण १८६९ च्या घटस्फोट कायद्यात आहे. त्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे काही जोडून सिद्ध करावे लागे. नुसती क्रूरता पुरेशी नव्हती. परस्परसंमतीने वेगळे होण्याची सोयच नव्हती. जिल्हा न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने प्रगती व्हर्गिस खटल्यात यातील अन्यायकारक भाग रद्द केला आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. म्हणजे आज पन्नाशी-साठीत असलेल्या ख्रिस्ती बाईने लग्न केले, तेव्हा बाहेर पडण्याचे दार जवळपास बंदच होते. मुली ‘मला विचार करू द्या’ म्हणत होत्या, तो नखरा नव्हता.

२२/ समाजाबाहेरचा मुलगा आवडला तर? १८७२ च्याच वर्षी आलेल्या नागरी विवाहाच्या कायद्यात मूळची अट अशी होती, की वधूवरांनी आपण ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम, पारशी वगैरे कोणत्याच धर्माचे नाही असे जाहीर करावे. श्रद्धा ठेवून दुसऱ्या धर्माच्या माणसाशी नागरी विवाह करण्याची सरळ वाट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने दिली. पण त्यात तीस दिवसांची जाहीर नोटीस आहे. महानगरात ती कोणी वाचत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र फलकावरचे नाव संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते. सज्ञान व्यक्तीला जोडीदार निवडण्याचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. नोटिसीचा फलक मात्र अजून भिंतीवर आहे.

२३/ घरातील वादात बहुधा पौलाचा दाखला दिला जातो: विश्वास न ठेवणाऱ्यांशी जोडी जमवू नये. हा उपदेश करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला. त्याच करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाने अविवाहित राहणे चांगले म्हटले आहे, आणि विधवेने प्रभूमध्ये राहून आपल्या इच्छेप्रमाणे लग्न करावे, असेही म्हटले आहे. एकाच मंडळीला लिहिलेली दोन पत्रे. घराघरांत एक पाठ आहे, दुसरे क्वचितच उघडले जाते. परंपरा निवडून वाचली की ती दबाव बनते, संपूर्ण वाचली तर ती मुलीच्या बाजूनेही बोलते.

२४/ तरीही आईबापांना खलनायक ठरवणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्यांच्या पणजोबांनी बाप्तिस्म्यासाठी घरदार, पाणवठा आणि भावकी गमावली, त्यांना आपली ओळख पुढच्या पिढीत विरघळून जाईल ही भीती वाटते, आणि अल्पसंख्य समाजात ती निराधार नसते. दुखणे एवढेच, की समाज टिकवण्याचा सारा भार लेकीच्या लग्नावर टाकला जातो. मुलाने बाहेरची मुलगी आणली तर ती मंडळीत ‘येते’, मुलगी बाहेर गेली तर ती ‘जाते’, असे मानले जाते. जमाखर्चाची ही पद्धत कोणत्याही धर्मग्रंथातली नाही. ती दख्खनच्या जुन्या पितृसत्तेतून जशीच्या तशी आली आहे.

२५/ आज ओळखीची जागा फोनमध्ये आली आहे. कऱ्हाडची मुलगी पुण्यात नोकरी करते, मिरजेची मुंबईच्या रुग्णालयात. रविवारच्या बाकावरच्या आत्या आता व्हॉट्सॲपच्या गटात आहेत. साधने बदलली, कात्री तीच. मात्र दीडशे वर्षांचा हा पट पाहिल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. या मुली ‘पाश्चात्त्य’ काही मागत नाहीत. ज्या समाजाच्या लग्नविधीत वधूने स्वतः बोलल्याशिवाय विवाह होत नाही, त्या समाजात बोलण्याआधी विचार करायला वेळ मागणे हे परंपरेला धरूनच आहे. वेदीपुढे तिचे शब्द ग्राह्य धरायचे असतील, तर वेदीकडे जाण्यापूर्वीचे ‘थांबा’ हेही तितकेच ग्राह्य धरले पाहिजे.

(धागा समाप्त)